गाऱ्हाणं ऐकून वाढलास ना?

तुझी चार पानं मिळाली. रात्री एकदा वाचली. रागाच्या भरात काही लिहायचं नाही म्हणून मिटून ठेवली. सकाळी देवळामागे, लाटा खडकावर आपटतात तिथे बसून पुन्हा वाचली. राग उतरला नाही. तेव्हा आता ऐक.

कोशासाठी तुला एक नोंद लिहायला सांगितली होती. शब्द एकच. 'आर्खिएरेऊस'. नव्या करारातला ग्रीक शब्द. मुदत चार महिने. आणि तू काय लिहिलंस? पहिल्या ओळीत अर्थ उरकलास : 'महायाजक, म्हणजे मुख्य पुजारी.' मग दीड पान येशूच्या काळच्या राजकारणाचं, तेही मोबाईलवरून उचललेलं. उचललेलं आहे हे मला कोणी सांगावं लागत नाही. तुझं वाक्य कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं ते मला तू पाचवीत असल्यापासून कळतं. मग एक पान 'सर्वच धर्मांत पुरोहितवर्ग असतो' या छापाचं. शेंडा ना बुडखा. आणि अखेरीस तुझा स्वतःचा शोध : आर्खिएरेऊस हा शब्द संस्कृत 'अर्चक'शी संबंधित असावा.

असावा? कशावरून असावा? पुस्तक उघडलंस? धातू पाहिलास? की रात्री साडेअकराला सुचलं आणि सकाळी पाठवून दिलंस?

चुकलास याचा मला राग नाही. चुका मी पस्तीस वर्षं लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत आणि चुकणाऱ्या मुलांवर जीव लावला आहे. ज्याला येत नाही त्याच्यावर मी कधी आवाज चढवला नाही. तुला येतं. तुला येतं आणि तू केलं नाहीस. म्हणून हे पत्र.

'आर्खि' आणि 'अर्च' कानाला सारखे लागतात. एवढंच तुझ्याकडे आहे. कानाला तर 'कणक' आणि 'कनक'ही सारखे लागतात. नववीत तूच वर्गात उभा राहून भांडला होतास ना? कुणकेश्वर हे गावाचं नाव सोन्यावरून नाही, कणकेच्या बेटावरून आलं, कणक म्हणजे बांबू, आजोबा सांगतात, म्हणून? चौदा वर्षांचा होतास. नुसत्या कानावर विसंबायचं नाही एवढी अक्कल तेव्हा होती. चौतिसाव्या वर्षी ती कुठे गहाण टाकलीस?

ग्रीकमध्ये 'ख' दिसला की संस्कृतात 'घ' किंवा 'ह' शोधायचा. 'च' नाही. हे तुला ठाऊक आहे. तुलनात्मक भाषाशास्त्राच्या पेपरात तू हे लिहिलंस आणि त्याचे गुण घेतलेस. गुण घेऊन विसरायचंच होतं तर कशाला घेतलेस?

आता त्या शब्दाकडे नीट बघ. 'आर्खो' म्हणजे मी आरंभ करतो. 'आर्खो' म्हणजेच मी सत्ता चालवतो. जो पहिलं पाऊल टाकतो तोच पुढारी, हे त्या भाषेने एका क्रियापदात बांधून ठेवलं आहे. योहानाचं शुभवर्तमान ज्या आरंभाने सुरू होतं तो आरंभ, 'आर्खे', याच घरातला. तुझी बहीण आर्किटेक्ट आहे. तिच्या पाटीवर हा शब्द रोज उन्हात तापतो. आर्खि आणि तेक्तोन. मुख्य सुतार. आणि तो तेक्तोन आपल्या 'तक्षन्'चा सख्खा भाऊ. खरं नातं तुझ्या घराच्या दारावर होतं आणि तू खोटं नातं जुळवत बसलास. काखेत कळसा, गावाला वळसा. ही म्हण मी तुला सातवीत वाक्यात उपयोग करायला दिली होती.

दुसरा अर्धा भाग 'हिएरेऊस'. 'हिएरोस' म्हणजे पवित्र. पवित्र ते हाताळणारा, देवापुढे बळी अर्पण करणारा, तो हिएरेऊस. संस्कृतशी सोयरीक जोडायची एवढीच हौस होती तर इथे हात घालायचा होतास. हिएरोसच्या शेजारी भाषाशास्त्रज्ञ ऋग्वेदातला 'इषिर' आणून ठेवतात. इषिर म्हणजे जोमदार, चैतन्याने भरलेला. दोन स्वरांमधला 'स' ग्रीक भाषा गिळून टाकते. आपलं 'जनसः' तिकडे 'गेनेओस' होतं. हे मी तुला फळ्यावर लिहून दाखवलं होतं आणि तू डोळे मोठे करून बघत राहिला होतास. त्या डोळ्यांसाठी मी निवृत्त झाल्यावर ग्रीक मुळाक्षरं गिरवायला घेतली, तुझ्याबरोबर. तू पुढे निघून गेलास याचा मला आनंद झाला होता. पुढे जाऊन तू बसकण मारलीस, हे आता दिसतं आहे.

फोनवर तीन सबबी सांगितल्यास. वेळ मिळत नाही, ही पहिली. लोकलमध्ये दीड तास जाता आणि दीड तास येता तुझ्या हातात काय असतं ते तुला माहीत आहे आणि मलाही. त्यावर बोलत नाही. एवढं कोण वाचतं, ही तिसरी. ज्या दिवशी एखादा मुलगा कोश उघडून तुझी नोंद वाचेल आणि 'अर्चक' खरं मानून चालेल, त्या दिवशी तू त्याला काय सांगणार आहेस? कोणी वाचणार नाही असं वाटलं म्हणून खोटं लिहिलं?

मधली सबब मला लागली. 'बाई, हा आपला विषय नाही. चर्चवाल्यांचा आहे. आपल्याला त्यातलं आतून काय कळणार?'

कुणकेश्वरचा मुलगा हे बोलतो? ज्या देवळाच्या पायरीवर तू गृहपाठ केलास, ते देऊळ समुद्रात सापडलेल्या एका परदेशी, परधर्मी खलाशाने नवस फेडायला बांधलं, असं आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्या खलाशाने विचारलं का, हा देव माझा विषय आहे का म्हणून? दिवा दिसला, जीव वाचला, तो किनाऱ्याला लागला. आणि तुला एक शब्द परका वाटतो?

आणि आतून म्हणजे काय रे? आतून कळण्याचा हक्क तुझ्याइतका कोणाला आहे? गाऱ्हाणं ऐकून वाढलास ना?

तुझे आजोबा वाडीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. मी पाहिलं आहे. तू तर त्यांच्या धोतराचा सोगा धरून उभा असायचास. उघडं अंग, खांद्यावर पंचा, हातात नारळ. नजर देवावर. आवाज चढवायचे नाहीत. एकेक घर घ्यायचे. या घरचा मुलगा मुंबईला गेलाय, त्याची नोकरी राहू दे. त्या घरची सून अडलीय, तिला मोकळी कर. अमक्याची होडी तीन दिवस परतली नाही. प्रत्येक मागण्याला मागे उभी असलेली माणसं एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायची. एकदा एक नाव राहिलं. नारळ वाढवायला हात उचलला होता तो त्यांनी तसाच खाली आणला. 'एक नाव रवला,' म्हणाले. थांबले. त्या घराचं नाव घेतलं, त्याचं सगळं मागणं पुरं मागितलं, मागून 'व्हय म्हाराजा' आलं, आणि मगच नारळ फुटला. ज्याचं नाव राहिलं होतं तो माणूस तिथे हजरही नव्हता. घाटावर कुठेतरी कामाला होता.

आता निर्गमाचा अठ्ठाविसावा अध्याय काढ. मोबाईलवर नाही. पुस्तक काढ. महायाजकाचा पोशाख तिथे टाक्यागणिक सांगितला आहे. छातीवर ऊरपट. त्यावर चार ओळींत तीन-तीन, अशी बारा रत्नं. प्रत्येक रत्नावर इस्राएलाच्या एकेका वंशाचं नाव कोरलेलं. दोन्ही खांद्यांवर आणखी दोन रत्नं, एकेकावर सहा-सहा नावं. तो पवित्रस्थानात जाईल तेव्हा ही नावं त्याच्या हृदयावर असली पाहिजेत, असं तिथे बजावलं आहे. झग्याच्या घेराला सोन्याच्या घंटा आणि मधे मधे डाळिंबं, त्याचं आत जाणं-येणं ऐकू यावं म्हणून. लोक बाहेर उभे. एक माणूस आत. सगळ्यांची नावं अंगावर घेऊन.

तुझ्या आजोबांनी नावं तोंडी घेतली. तिकडे ती दगडात कोरली. तुला हे दिसलं नाही? चार पानांत एक ओळ नाही. ऊरपटाचा उल्लेखच नाही! राजकारण दीड पान आणि ऊरपट नाही. कोणी सांगितलं होतं तुला, आतून कळत नाही म्हणून?

गाऱ्हाणं आणि महायाजकपण एकच आहे असं मी म्हणत नाही, आणि तूही तसं लिहू नकोस, नाहीतर 'अर्चक' जाऊन त्याच्या जागी तेवढंच उथळ दुसरं काहीतरी येईल. आपल्या गावऱ्हाटीत कामं वाटलेली असतात. पूजा एकाची, गाऱ्हाणं दुसऱ्याचं, मान बारा-पाच मानकऱ्यांचा, अभिषेकाला भटजी वेगळे. एकाच्या हातात सगळं कधी नसतं. म्हणूनच 'मुख्य पुजारी' हा तुझा अर्थ तोकडा पडतो. तो वाचून आपल्याकडचा माणूस देवळात रोज फुलं वाहणाऱ्यांतला ज्येष्ठ असं समजेल. महायाजक तो नाही. वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकट्याने पडद्याआड परमपवित्रस्थानात जायचं, हे काम त्याचं. दुसऱ्या कोणाचंही नाही. आणि त्या दिवशी तो सोन्याचा डामडौल उतरवतो. अंघोळ करतो, साधे तागाचे कपडे घालतो. आधी स्वतःच्या आणि स्वतःच्या घरच्यांच्या पापासाठी गोऱ्हा. मग लोकांसाठी बकरा. हा क्रम लेवीयाच्या सोळाव्या अध्यायात आहे. आधी स्वतःचा हिशेब. तुझ्या लक्षात आलं का, मी हा क्रम मुद्दाम का सांगते आहे?

'याजक' हा शब्दही तू न उलगडता तसाच ठेवलास. संस्कृत घेऊन पदवी मिळवलेल्या माणसाने! यजमान स्वतःसाठी यजन करतो. याजक दुसऱ्यासाठी. यजन-याजन, अध्ययन-अध्यापन, दान-प्रतिग्रह ही षट्कर्मं तू घोकली आहेस. त्या एका 'आ'काराने केवढा फरक पडतो! मराठी भाषांतरकारांपुढे शब्दांची काही वाण नव्हती. पुजारी होता. पुरोहित होता. पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीला ते पद आहे. उपाध्याय होता, भट होता, गुरव होता. ते सगळे बाजूला ठेवून त्यांनी याजक घेतला. का? त्यात यज्ञ आहे, अर्पण आहे, आणि ते अर्पण दुसऱ्याच्या वतीने आहे. हिएरेऊसमध्ये जे आहे ते यात येतं, पुजाऱ्यात येत नाही. कोणीतरी दिवसचे दिवस या एका शब्दावर डोकं झिजवलं. तू तो शब्द उचललास आणि त्याच्यापुढे 'म्हणजे मुख्य पुजारी' लिहून त्यांची मेहनत धुवून टाकलीस.

पुढचं ऐक. आज हाती मिळणाऱ्या मराठी बायबलांत दोन शब्द दिसतात. कुठे 'प्रमुख याजक', कुठे 'महायाजक'. तुला हे दोन्ही भेटले असणार. भेटूनही प्रश्न पडला नाही? दोन का? मूळ हिब्रू पद 'कोहेन गादोल'. गादोल म्हणजे मोठा. शब्दाला शब्द ठेवला तर 'महायाजक'. हिब्रू शास्त्राचं जुनं ग्रीक भाषांतर बहुतेक ठिकाणी तसंच करतं, 'मोठा याजक' असं दोन शब्दांत. आर्खिएरेऊस मात्र ग्रीकांच्या घरचा शब्द. हेरोडोटसने इजिप्तच्या देवळांबद्दल लिहिताना तो वापरला आहे. त्यातला 'आर्खि' मोठेपणा सांगत नाही, अग्रक्रम सांगतो. त्याला शब्दाला शब्द ठेवला तर 'प्रमुख याजक'. म्हणजे आपल्या एका शब्दाच्या पाठीशी हिब्रू उभी आहे आणि दुसऱ्याच्या पाठीशी ग्रीक. आणि खरी कसोटी लागते इब्री लोकांस पत्रात, चौथ्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात. तिथे ग्रीकमध्ये आर्खिएरेऊस तर आहेच, वर आणखी 'मेगास' आहे. मोठा. आता 'महायाजक' घेणाऱ्याने काय करायचं? 'महा' तर आधीच खर्ची पडला. पुन्हा 'थोर' जोडावा लागतो. ही अडचण तुझ्या नोंदीचा प्राण होती. तू तिला वळसा घालून निघून गेलास.

अनेकवचनाचं काय? महायाजक एकच असतो असं लिहिलंस. मग शुभवर्तमानांत हाच शब्द अनेकवचनात पानोपानी का येतो? मराठीत तिथे 'मुख्य याजक' केलं आहे म्हणून तुला तो वेगळा शब्द वाटला. ग्रीक उघडलं असतंस तर कळलं असतं, शब्द तोच. लूकाच्या तिसऱ्या अध्यायात तर शब्द एकवचनी आणि पुढे नावं दोन, हन्ना आणि कयफा! हे व्याकरण अडखळलेलं बघून तुला थांबावंसं वाटलं नाही?

थांबला असतास तर तुझ्या त्या दीड पानाच्या राजकारणाला काही अर्थ आला असता. मुळात हे पद अहरोनाच्या वंशात, मरेपर्यंतचं. हेरोद राजाने आणि मग रोमनांनी ते बदलीच्या नोकरीसारखं करून टाकलं. हेरोदापासून इ.स. ७० मध्ये मंदिर पडेपर्यंत, शंभराहून थोड्याच अधिक वर्षांत, अठ्ठावीस महायाजक झाले, असं त्या काळच्या यहुदी इतिहासकाराने, योसेफसने, मोजून लिहून ठेवलं आहे. हन्नाला इ.स. १५ मध्ये काढलं. पद गेलं, वजन गेलं नाही. त्याचे पाच मुलगे त्या पदावर येऊन गेले. जावई कयफा इ.स. १८ पासून ३६ च्या सुमारापर्यंत टिकला. पायउतार झालेल्यालाही लोक त्याच नावाने हाक मारत, आणि त्या मोजक्या घराण्यांतले सगळेच 'आर्खिएरेइस'. आपल्याकडे खोत गेला तरी घराला खोत म्हणतातच ना?

आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट. ती बारा रत्नांची वस्त्रं कुठे असायची? मंदिराशेजारच्या अंतोनिया किल्ल्यात, रोमनांच्या ताब्यात. सण आला की बाहेर काढायची, सण सरला की पुन्हा कुलपात. ज्याने सगळ्यांची नावं छातीवर घेऊन देवापुढे जायचं, त्याच्या छातीवरची नावंच परक्या शिपायाच्या कुलपात! शब्द तोच, पोशाख तोच, आणि आतलं माप किती बदललं बघ. नोंद याला म्हणतात. तारखा ओळीने मांडल्या म्हणजे नोंद होत नाही.

त्याच वर्षांत रोममध्ये सम्राट तिबेरियस 'पोंतिफेक्स माक्सिमस' होता. नाण्यांवर तसं छापलेलं आहे. पूर्वेकडे त्या पदवीचं ग्रीक भाषांतर कोणत्या शब्दाने करत होते? आर्खिएरेऊसनेच. म्हणजे यरुशलेमेत एक आर्खिएरेऊस, आणि त्याच्या नेमणुकीची दोरी हातात असलेला रोममधला दुसरा. याच्यावर तू तीन ओळी लिही. जास्त नको. पाल्हाळ तुला लगेच चढतो.

इब्री पत्र तू वाचलेलं नाहीस. चाळलंस. वाचलं असतंस तर असं पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली नसती, कारण तुझी कानउघाडणी तिथे एकोणीस शतकांपूर्वीच करून ठेवलेली आहे. येशूला आर्खिएरेऊस म्हणणारं नव्या करारातलं हे एकच पुस्तक. येशू लेवीच्या वंशातला नाही, यहूदाच्या. मग तो याजक कसा? म्हणून लेखक मलकीसदेकाचा आधार घेतो, अहरोनाच्याही आधीचा, ज्याची वंशावळ कुठे दिलेली नाही. मुद्दा ऐन रंगात येतो, आणि पाचव्या अध्यायात लेखक अचानक थांबतो. वाचणाऱ्यांवर उखडतो. सांगण्यासारखं पुष्कळ आहे पण तुम्हांला सांगणं कठीण, म्हणतो, कारण तुम्ही ऐकण्यात मंद झाला आहात. एव्हाना तुम्ही शिकवायला हवं होतं आणि तुम्हांला पुन्हा मुळाक्षरंच शिकवायची वेळ आली. अन्न खायच्या वयात दूध मागता. 'नोथ्रोस' हा तिथला शब्द. मंद, सुस्त, अंगचोर. आख्ख्या नव्या करारात तो दोनदाच येतो, दोन्ही वेळा याच पत्रात, हाकेच्या अंतरावर. आणि बारकाईने बघ : मंद आहात असं तो म्हणत नाही. मंद झाला आहात म्हणतो. आधी नव्हता.

तू आधी नव्हतास.

ऐकण्यात मंद कोणाला म्हणावं? पंडिता रमाबाईंना इंग्लंडात डॉक्टर व्हायचं होतं. कान गेले, ते राहून गेलं. त्या बाईने पुढे केडगावला मुक्तीचा सगळा पसारा अंगावर घेतला. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, विधवा, त्यांचं अन्नपाणी, आजारपण, शाळा. हे सगळं चालू ठेवून, चाळिशी केव्हाच ओलांडलेल्या वयात, हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि संबंध बायबल मुळावरून साध्या मराठीत आणलं. काम हातावेगळं केलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. तो ग्रंथ मुक्तीतल्या बायकामुलींनी छापला. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनी दोन भाषांचा शब्दन्‌शब्द ऐकला. तुला धडधाकट कान आहेत. तुला मी एक शब्द दिला होता. एक.

फादर स्टीफन्स १५७९ मध्ये इंग्लंडातून गोव्यात उतरले. आपली भाषा त्यांच्या आईची नव्हती. त्यांचं क्रिस्तपुराण छापून निघालं १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षं मोज. ओव्यांची संख्या दहा हजारांच्या वर. त्या माणसाने, हा माझा विषय नाही, असं म्हटलं असतं तर त्याला कोणी दोष दिला असता का?

योमा नावाचा एक भाग यहुद्यांच्या मिश्नात आहे. प्रायश्चित्ताच्या दिवसाची तयारी त्यात सांगितली आहे. सात दिवस आधी महायाजकाला त्याच्या घरातून हलवायचे. वडीलधारे त्याच्यापुढे विधी वाचायचे, आणि त्याला म्हणायचे, महाराज, तुम्ही स्वतः आपल्या तोंडाने वाचा, न जाणो विसरला असाल, न जाणो कधी शिकलाच नसाल. आदल्या रात्री त्याला झोपू द्यायचे नाहीत. पेंगायला लागला की तरुण याजक त्याच्या कानाशी चुटक्या वाजवायचे. उठा, थंड फरशीवर पाय टेका. एवढा मोठा माणूस, बारा वंशांची नावं ज्याच्या छातीवर, त्यालाही कोणी गृहीत धरलं नाही. त्याला येतं असं मानून त्याला मोकळं सोडलं नाही.

मी तुला गृहीत धरलं. माझी चूक झाली. आता धरणार नाही.

ती चार पानं फाडून टाक. कोशाच्या मंडळींना मी मुदत मागितलेली नाही आणि मागणार नाही. तुझी तू माग, आणि मागताना खरं कारण सांग. दीड पान राजकारणातलं हन्ना-कयफा आणि किल्ल्यातली वस्त्रं एवढं ठेव, बाकी काढ. सर्व धर्मांचं पान सगळंच काढ. निर्गम २८, लेवीय १६, लूक ३, योहान १८, इब्री ४ ते ९, एवढं ग्रीकमधून बोट ठेवून वाच. निर्गम-लेवीयाला जुनं ग्रीक भाषांतर आहेच. अडलास की फोन कर. रात्री कर, पहाटे कर, मी उचलीन.

महाशिवरात्रीला येशीलच. देवस्वाऱ्या तीर्थाला समुद्रावर उतरायच्या आधी माझ्या ओटीवर यायचं. नवी नोंद हाताने लिहिलेली हवी. ग्रीक शब्द ग्रीक अक्षरांत. आणि श्वासचिन्हं बघून लिही. आर्खिएरेऊसच्या पहिल्या अक्षरावर सौम्य असतं, हिएरेऊसच्या पहिल्या अक्षरावर कठोर. या खेपेला दोन्ही उलटी घातली होतीस.